राखून ठेवलेला डाव

माझ्या वडिलांचं बोलणं सदतीस जीबी भरतं. हे मी कौतुकानं नाही, मोजून सांगते. त्यात चार हजारांवर पैलवानांची नावं आहेत, त्यांच्या वस्तादांची, तालमींची आणि गावांची नावं आहेत, झाडून सगळे डाव आहेत, चहा-जेवण-औषध आहे, आईशी भांडायला लागणारा सगळा ऐवज आहे आणि साठेक शिव्या आहेत, त्यांतल्या काही मला आजही कळत नाहीत. हे सगळं कमरेला अडकवायच्या एका डबीत राहतं. तिचं कागदोपत्री नाव बरंच भारदस्त आहे, पण आमच्या कागल तालुक्यात तंबाखूच्या डबीएवढ्या वस्तूला डबीच म्हणतात.

वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. हिंदुराव चौगुले हे नाव घेतलं की कोल्हापूरपासून सांगलीपर्यंत कुस्ती पाहणारा कुणीही माणूस मान हलवतो. तात्या स्वतः लढले थोडं आणि बोलले फार. पस्तीस वर्षं ते कुस्तीच्या मैदानांचे निवेदक होते. जोड आखाड्यात उतरली की हा कुठल्या गावचा, कुणाचा पठ्ठा, याच्या वस्तादानं कुणाला कधी कोणत्या डावावर आस्मान दाखवलं, हे सगळं निवेदकानं तोंडपाठ सांगायचं असतं. तात्यांच्या हातात कागद मी कधी पाहिला नाही.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. चालणं-फिरणं महिन्याभरात परत आलं. बोलणं आलं नाही. त्यांना सगळं कळत होतं, सगळं आठवत होतं. "शब्द तयार होतायत," मेंदूच्या डॉक्टर मुजावरबाईंनी आम्हाला समजावलं, "जिभेकडं जाणारा रस्ता तेवढा खचलाय." पाच महिने तात्या मुके होते. त्या पाच महिन्यांविषयी आमच्या घरात कुणी बोलत नाही.

मग डबी आली. ती काय करते ते समजायला अवघड नाही. आपण 'पाणी' म्हणतो तेव्हा जीभ, ओठ आणि घसा हलवायचे हुकूम मेंदूच्या एका पट्ट्यातून सुटतात. रस्ता खचला तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. त्या पट्ट्यावर, कवटीच्या आत, नखाएवढी एक पातळ जाळी बसवतात. जाळी ते हुकूम टिपते आणि बिनतारी डबीकडं पाठवते. या माणसाला 'पाणी' म्हणायचंय हे डबी ओळखते, आणि त्याच्या वतीनं म्हणते. आवाज तात्यांचाच होता, मैदानांच्या जुन्या ध्वनिफितींवरून बनवलेला. त्यामुळे पहिले काही दिवस चहात साखर कमी पडली तरी ते पन्नास हजार लोकांना जाहीर केल्यासारखं ऐकू यायचं, आणि शेजारच्या रंगूकाकी वाटीभर साखर घेऊन दारात उभ्या राहायच्या.

खरी गंमत त्याच्या पुढं आहे. सुरुवातीला डबीला दोनशे शब्द ओळखू यायचे आणि दहातले चार ती चुकीचे ओळखायची. चुकली की तात्या पुन्हा म्हणायचे आणि ती शिकायची. तिच्याबरोबर तात्यांचा मेंदूही शिकत होता, कुठं कसा जोर दिला की डबीतून कोणता शब्द निघतो ते. असं दोन्हीकडून शिकत शिकत चौदा महिन्यांनी दोघांची गाठ पडली. आज तात्यांच्या बोलण्यातलं किती त्यांच्या डोक्यात आहे आणि किती डबीत, हे मुजावरबाईंनाही वेगळं काढून दाखवता येत नाही.

"आक्का," तात्यांनी एकदा मला विचारलं, "बोलतोय कोण? मी का डबी?"

"निम्मं-निम्मं."

"मग शिव्या माझ्या, चुका तिच्या," तात्या म्हणाले.

आक्का म्हणजे मी, संयोगिता. दूध संघात सर्व्हर सांभाळायचं काम करते. चौदा वर्षं हेच काम केल्यामुळे माझा स्वभाव संशयी झालाय, असं आईचं मत आहे. तिचं चूक नाही.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. भाषा गोड होती. जुन्या डब्यांची सेवा एकतीस मार्चला बंद होणार होती. त्या दिवसापासून जुनी डबी बोलणार नव्हती. त्याऐवजी नवी, अधिक हुशार डबी फुकट मिळणार होती. जुन्या डबीनं जे शिकलंय ते नवीत आपोआप येणार नव्हतं, पण 'सरावानं ग्राहक लवकरच रुळतील' असं आश्वासन होतं. नवी डबी बोलते कशी, हे कंपनीच्या माणसानं मोबाइलवर दाखवलं. तात्यांना त्यानं काहीतरी म्हणायला सांगितलं. तात्यांनी मनात काय म्हटलं ते त्यांनाच माहीत. मोबाइलमधून आवाज आला, "मला एक कप चहा मिळू शकेल का?"

आई मागच्या परड्यात होती. ती पदराला हात पुसत आत आली आणि दाराकडं बघत म्हणाली, "कोण आलंय पाव्हनं?"

मी मुजावरबाईंना फोन केला. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. झटका आल्यावर पहिलं वर्षभर मेंदू ओल्या मातीसारखा असतो, बोट लावाल तसा उमटतो. तेव्हा चौदा महिने लागले. आता तात्या एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि माती वाळली आहे. पुन्हा शून्यापासून शिकायचं तर दोन वर्षं लागतील, किंवा गाठ पडणारही नाही.

एकतीस मार्चनंतर पाचव्या दिवशी आमच्या गावच्या यात्रेचं मैदान होतं आणि निवेदक म्हणून पत्रिकेवर तात्यांचं नाव छापलं गेलं होतं. पण मैदानाचं मी एवढं मनावर घेतलं नव्हतं. यानंतर तात्या घरात आमच्याशी तरी बोलतील का, हा माझा प्रश्न होता.

डबीबरोबर आलेलं माहितीपुस्तक कुणी वाचत नाही. मी वाचते. एक्केचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की डबीनं शिकलेलं हे कायद्यानं रुग्णाच्या मालकीचं आहे. मालकाला हवी तर त्याची प्रत काढून घेता येईल आणि नव्या डबीत भरता येईल, मात्र स्वतःच्या जबाबदारीवर. त्यासाठी बटणं नव्हती, रंगीत चित्रं नव्हती. वायर जोडायची, लॅपटॉपवर काळा पडदा उघडायचा आणि हुकूम टाइप करायचा. कंपनीला वाटलं असेल, एवढ्यानं माणसं घाबरतील. माझी तर रोजीरोटीच काळ्या पडद्यावर चालते.

तात्यांना मी पहिल्या रविवारी सगळं दाखवलं. हुकूम एका ओळीचा असतो. आधी हत्याराचं, म्हणजे प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, मग कुठून, मग कुठं. क्रम चुकला तर हत्यार विचारत बसत नाही. माझ्या पहिल्या साहेबांनी एकदा कुठून आणि कुठं उलटं लिहिलं आणि रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली. तीस हजार गाईंच्या लसीकरणाच्या नोंदी सात मिनिटांत गेल्या. तेव्हापासून मी ती ओळ बोट ठेवून तीनदा वाचते.

"म्हंजे माझ्या बोलण्याची दुसरी प्रत करून कपाटात ठेवायची," तात्या म्हणाले.

"व्हय."

"मग हे जुनंच हाय की. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. उद्या पठ्ठाच अंगावर आला तर वस्तादाला तेवढा पुरतो."

मला ते इतकं आवडलं की दूध संघातल्या पोरांनाही मी आता असंच शिकवते.

दर रविवारी सकाळी प्रत काढायची असं ठरलं. सदतीस जीबी त्या जुन्या वायरीतून यायला एक तास चाळीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ तात्यांनी बटण लांब दाबून डबी झोपवायची, म्हणजे पूर्ण बंद ठेवायची, आणि बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर गप्प बसायचं. ते अगदी शहाण्यासारखे बसायचे. आई म्हणायची, या माणसाला गप्प बसवणारी वस्तू शेवटी माझ्या लेकीनंच आणली.

अकरा रविवार झाले. अकरा प्रती कपाटात जमल्या. मार्चच्या चौथ्या आठवड्यात नवी डबी घरी आली आणि मी म्हटलं, आता भरून बघायचं.

"बघायचं काय त्यात?" आई म्हणाली. "एकतीसला जुनी बंद झाली की भर. तवर चालतंय ते चालू दे."

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक पाटी आहे. परत आणून बघितल्याशिवाय ती प्रत नव्हे. मी आईला ते सांगितलं. ती म्हणाली, दूध संघाच्या पाट्या दूध संघात ठेव. तात्या आमच्या दोघींकडं बघत होते.

"आक्का म्हणती ते बराबर हाय," ते म्हणाले. "राखलेला डाव अंगात अजून हाय का न्हाई, ते माती लागल्याबिगर कळत न्हाई. लय वस्ताद आयत्या वेळी पडल्यात."

मी शेवटची प्रत नव्या डबीत भरली. तात्यांनी जुनी काढून ठेवली आणि नवी कमरेला लावली. निळा दिवा लागला. तात्यांनी माझ्याकडं बघून काहीतरी म्हटलं.

"पठ्ठा," डबी म्हणाली. "पठ्ठा, पठ्ठा, साखर. गावचा गावचा पठ्ठा." मग नुसता घशातला घोगरा आवाज आला, आणि पुन्हा, "साखर."

तात्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मानेची शीर फुगलेली मला दिसली. डबी तेच बोलत राहिली. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रयत्न सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले, ते पाच महिने बसायचे तसे. मी धावत जाऊन जुनी डबी त्यांच्या कमरेला लावली. जुनी सुरू झाल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "पाणी दे."

रडायला वेळ नव्हता, एकतीस तारखेला पाच दिवस उरले होते. मी रजा टाकली आणि अकराच्या अकरा प्रती उघडून बसले. फायली सगळ्या होत्या. आकार बरोबर होता. पण प्रत्येक प्रतीत काही फायलींचा पुढचा भाग एका वेळचा आणि मागचा भाग दुसऱ्या वेळचा होता. अर्धं पान कालच्या वर्तमानपत्राचं आणि अर्धं आजचं चिकटवावं तसं. हे एकाच कारणानं होतं. मी वाचत असताना डबी त्याच फायलींत लिहीत होती. आणि डबी तेव्हाच लिहिते, जेव्हा ती शिकत असते. म्हणजे तात्या बोलत असतात तेव्हा.

पण तात्या तर गप्प होते. मी समोर बसून बघितलं होतं.

हत्यारानं मला सांगायला हवं होतं. वाचता वाचता फाइल बदलली तर ते तशी ओळ छापतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी माझी स्वतःची हुकमाची ओळ काढून बघितली. हत्याराच्या नावापुढं एक छोटा पर्याय होता, कमी बोलण्याचा. दूध संघात ते हत्यार रोज शेकडो फालतू सूचना छापतं आणि डोकं उठवतं, म्हणून चौदा वर्षांपूर्वी मी त्याला गप्प केलं होतं. बोटांना इतकी सवय, की घरची ओळ लिहितानाही तो पर्याय आपसूक उमटला होता. अकरा रविवार हत्यार ओरडून सांगत होतं आणि मीच त्याच्या तोंडावर हात ठेवून बसले होते.

संध्याकाळी तात्या सोप्यात बसले होते. मी पायरीवर बसले.

"तात्या, रविवारी डबी झोपवत होता न्हवं?"

"आवाज बंद करत होतो की."

"आवाज न्हाई. बटण लांब दाबायचं, दिवा विझंस्तवर. मी दाखवलं होतं."

तात्यांच्या कानात एक मणी असतो. डबीनं म्हटलेलं त्यांना त्यातून ऐकू येतं. नुसता आवाज बंद केला तर बाहेर काही ऐकू येत नाही, पण कानात त्यांचं बोलणं चालूच राहतं. डबी झोपवली की कानातलंही बंद होतं. डबी शर्टाखाली असायची, त्यामुळे दिवा विझलाय का ते मी कधी बघितलं नव्हतं.

"एकदा दाबलं हुतं लांब," तात्या म्हणाले. "पयल्याच रविवारी. कानात कायबी येईना. विहिरीत पडल्यागत झालं बघ. ते पाच महिने डोळ्याम्होरं आले. मग पुन्ना न्हाई दाबलं."

"मग तासभर काय करत होता?"

"कुस्त्या लावत होतो मनात. जुन्या-जुन्या जोडी काढायच्या आणि बोलायचं त्यांच्यावर." त्यांनी मान खाली घातली. "तुला सांगायला लाज वाटली, आक्का. एवढा बाप्या माणूस आणि गप्प बसायला भितो म्हणायचं."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं, निदान थोडं. पण माझ्याकडं राग काढायला जागाच नव्हती. मी त्यांना माझ्या पर्यायाची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हंजे ज्यानं बोलायचं त्याचं तोंड तू बंद केलंस, आणि ज्यानं गप्प बसायचं त्यानं उघडं ठेवलं. बापलेकीनं मिळून घोळ घातला."

"पुन्हा काढायची प्रत. एक तास चाळीस मिनिटं तात्या. वर नवी डबी भरायला वीस मिनिटं. तोवर जुनीला जागं करायचं न्हाई, न्हाईतर ती पुढं शिकंल आणि प्रत मागं राहील. दोन तास."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तात्या म्हणाले, "तालमीत काढू. तालमीत सगळेच गप्प असत्यात. तिथं मी मुका वाटणार न्हाई."

आमच्या तालमीचा तो नियम खरा आहे. आखाड्याच्या हौद्यात माती अंगाला लागली की बोलायचं नाही. रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही तिघं गेलो. आई कशाला येतेय ते मला कळेना. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी तिनं तालमीचा उंबरा ओलांडला नव्हता. हौद्यात दोन पोरी सराव करत होत्या, एक निळ्या बनियनातली आणि एक तांबड्या. वस्तादांनी मान डोलावली आणि भिंतीकडची घोंगडी दाखवली. तात्या बसले, शेजारी आई बसली. मी दगडी पायरीवर लॅपटॉप ठेवला आणि वायर तात्यांच्या कमरेच्या डबीला लावली. वायरीच्या टोकाला बारीक दिवा आहे, माहिती वाहत असताना तो लाल असतो, काम झालं की हिरवा होतो.

तात्यांनी स्वतः बटण दाबलं. लांब दाबलं, डबीवरचा निळा दिवा विझेपर्यंत. त्यांचे ओठ घट्ट मिटले.

मी ओळ लिहिली. कमी बोलण्याचा पर्याय या वेळी काढून टाकला. कुठून, कुठं. बोट ठेवून तीनदा वाचली आणि तात्यांकडं बघितलं. त्यांनी उजवा हात उचलला आणि मांडीवर शड्डू ठोकला. त्या गप्प तालमीत तो केवढा तरी घुमला. पोरी थांबून बघायला लागल्या. मी एंटर दाबलं आणि दिवा लाल झाला.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग तात्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. ते हौद्याकडं बघत होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. डावा हात हळूहळू डबीकडं सरकत होता. मी उठणार, एवढ्यात आईनं तो हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "ती निळ्या बनियनातली बघा. वाकली. आता हिनं तांबडीचा पाय धरला. धरला तर धरला, सोडीना की. काय मोठ्या माणसाच्या पाया पडल्यागत."

वस्तादांनी वळून बघितलं. आईनं त्यांच्याकडं बघितलंच नाही.

तात्यांची मान झटक्यात तिच्याकडं वळली. चेहऱ्यावर भीती होती तिथं आता भलताच त्रास दिसायला लागला. आई पुढं बोलतच राहिली. तांबडीनं निळीला मिठी मारली. निळीनं तिला पोत्यागत उचललं आणि टाकलं. आता ही तिच्या पाठीवर बसली आणि गपच बसलीय की. प्रत्येक वाक्याला तात्या डोळे मिटायचे, मान हलवायचे, दोन बोटं वर करून काही सांगू बघायचे. पस्तीस वर्षं ज्या माणसानं एक डाव चुकीचा म्हटला नाही, त्याच्या कानाशी त्याची बायको पाऊण तास कुस्तीची वाट लावत होती आणि त्याला 'अगं' एवढंही म्हणता येत नव्हतं. वस्ताद तोंडावर पंचा धरून हसत होते. मी घड्याळ बघितलं तर पन्नास मिनिटं झाली होती.

नंतर पोरी हौद्यातून गेल्या. मग आईनं सूर खाली घेतला, पण तालीम रिकामी होती आणि मला सगळं ऐकू आलं.

"ते पाच महिने मीबी गप्प होतो," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, मी गेलो, मी आलो. "तुमाला बोलता येईना म्हणून. माझं ऐकून तुमाला वाईट वाटंल असं वाटायचं. त्याच्या आधी तुमी बोलत होता आणि मी ऐकत होतो. डबी आली, पुन्ना तुमी बोलायला लागला, मी ऐकायला लागलो. माझी पाळी कधी आलीच न्हाई. आज आलीय तर बोलतो." आणि ती बोलली. तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल बोलली, माझ्या जन्माच्या वेळी ते कुठल्याशा मैदानाला गेले होते त्याबद्दल बोलली, त्या पाच महिन्यांतल्या एका दुपारबद्दल बोलली. ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे.

दिवा हिरवा झाला ते आधी मला दिसलंच नाही. पडद्यावर शेवटची ओळ आली होती. वाचताना बदललेल्या फायली, शून्य.

नवी डबी वीस मिनिटांत भरली. मी जुनी सोडली, नवी तात्यांच्या कमरेला लावली, कानातला मणी जोडला. निळा दिवा लागला. मी, आई आणि वस्ताद त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. तात्यांनी माझ्याकडं किंवा वस्तादांकडं बघितलं नाही. ते थेट आईकडं वळले.

"पाय धरला न्हवं. एकेरी पट काढला म्हणायचं त्याला," ते म्हणाले. "मिठी न्हवं, कमरंचा कब्जा घेतला. पोत्यागत उचलत न्हाईत, ढाक लावली तिनं. आणि पाठीवर बसली म्हंजे गप बसली न्हवं, घिस्सा मारायची सवड बघत होती ती." त्याच्या पुढं त्यांनी एक शिवी घातली, मला न कळणाऱ्यांपैकी. जगातल्या कुठल्याही कंपनीनं ती डबीत भरून पाठवली नसती. तेव्हाच मला कळलं, की प्रत पक्की आहे.

मग मैदानी आवाज खाली आला.

"आणि बाकीचं घरी बोलू," ते आईला म्हणाले.

एकतीस मार्चला जुनी डबी ठरल्यासारखी बंद पडली. आम्ही तिला देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. पाच एप्रिलला मैदान झालं. तात्या दुपारी तीनला बोलायला उभे राहिले ते दिवेलागणीपर्यंत बसले नाहीत. बेचाळीस जोड्या लागल्या, एकाही पैलवानाचं गाव चुकलं नाही. निळ्या बनियनातल्या पोरीनं एकेरी पट काढला तेव्हा ते भोंग्यावर म्हणाले, "मंडळी, ह्याला आमच्या घरात पाया पडणं म्हणत्यात." बायकांच्या बाजूला बसलेल्या आईनं पदर तोंडाला लावला. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते.

रविवारची प्रत आजही चालू आहे. फक्त काळ्या पडद्यावरची ओळ आता वेगळी आहे. पहिली भरवशाची प्रत हातात आली, की हत्याराला सांगता येतं, मागच्या वेळेनंतर जेवढं बदललं तेवढंच घे. आठवड्याभराचं तात्यांचं नवं बोलणं म्हणजे काय, दोन-चार पैलवान आणि एखादा पुढारी. सहा मिनिटांत आटपतं.

हे मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना सांगू नको."

मी सांगितलं नाही. अजूनही आठ वाजता तात्या बटण लांब दाबतात, दिवा विझतो, आई खुर्ची ओढून समोर बसते आणि एक तास चाळीस मिनिटं बोलते. तात्या ऐकतात. मी आत स्वयंपाकघरात काहीतरी करत बसते.

पण वायरीच्या टोकाचा दिवा खोटं बोलत नाही, आणि तात्यांची नजर अजून शाबूत आहे. गेल्या रविवारी मी दारातून बघितलं. सहाव्या मिनिटाला दिवा हिरवा झाला. तात्यांनी तो बघितला, शर्टाचं टोक ओढून त्याच्यावर घातलं आणि पुन्हा आईकडं वळून बसले.